घुमी की गप्प?

वहीचं एक कोरं पान घ्यायचं, समासात १ ते २० आकडे घालायचे आणि प्रत्येक आकड्यापुढे ‘मी’ने सुरू होणारं एक वाक्य लिहायचं. फार विचार करायचा नाही. जे सुचेल ते, सुचेल त्या क्रमाने. मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५४ साली ही चाचणी मांडली. तिला यंत्र लागत नाही, छापील प्रश्नपत्रिका लागत नाही, आणि तरी माणूस स्वतःला कसा पाहतो हे विचारण्याची इतकी सरळ रीत मला दुसरी माहीत नाही.

समजा, हे पान नागपूरजवळच्या वानाडोंगरीत भाड्याच्या खोलीवर राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या एका मुलीसमोर ठेवलं. ही मुलगी मी कल्पनेने उभी केली आहे, पण सकाळी नऊच्या सुमारास हिंगणा रोडवर थांबलं तर तिच्यासारख्या कितीतरी जणी पाठीवर सॅक आणि हातात ड्रॉइंगचा रोल घेऊन जाताना दिसतात. ती लिहील: मी सिंदेवाहीची. मी धानवाल्या शेतकऱ्याची मुलगी. मी घरात थोरली. मी कॉम्प्युटर शाखेला आहे. मी बारावीत कॉलेजात पहिली आले होते. इथवर पेन झरझर चालतं. मग ते अडतं. ती खिडकीबाहेर पाहते, पेनचं टोपण चावते, आणि खालच्या ओळींवर अशी वाक्यं येतात: मी गप्प असते. मी भित्री आहे. मी इंग्रजीत कच्ची आहे. मी बावळट आहे.

कून आणि मॅकपार्टलंड यांनाही हेच आढळलं होतं. माणूस आधी जगाला ठाऊक असलेली ओळख लिहून संपवतो, म्हणजे गाव, नातं, शिक्षण, धर्म. ती संपली की मग स्वतःबद्दलच्या मतांकडे वळतो. १९९५ साली भारतीय आणि अमेरिकी विद्यार्थ्यांनी लिहिलेली अशी वाक्यं शेजारी ठेवून पाहिली गेली, तेव्हा अमेरिकी मुलं स्वतःला बरं-वाईट ठरवणारी वाक्यं अधिक लिहीत होती आणि आपली मुलं नात्यागोत्याची, समाजातल्या जागेची. म्हणजे आपल्या मुलीच्या पानावर ‘बावळट’ हा शब्द उशिरा येतो. पण येतो.

त्या शेवटच्या चार वाक्यांसाठी हा लेख आहे. चारही वाक्यं दिसायला एकसारखी आहेत. लिहिणाऱ्या मुलीला तर ती एकच वाटतात, एकाच दुखण्याची चार नावं. प्रत्यक्षात ती चार वेगळ्या जातींची आहेत, आणि त्यांची सरमिसळ होणं हे विद्यापीठात आलेल्या मुलामुलींच्या मनःस्तापाचं मोठं कारण आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी हा हिंगणा रोड सांगायला हवा. हिंगण्याची जुनी ओळख एमआयडीसीची. महिंद्राचे ट्रॅक्टर इथे बनतात, आणि शिफ्ट सुटली की रस्ता कामगारांच्या दुचाक्यांनी भरतो. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि पुढच्याच वर्षी वानाडोंगरीला यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं. १९९०च्या दशकात डिगडोहच्या टेकडीवर आणि सीआरपीएफच्या तळाच्या आसपास आणखी महाविद्यालयं आली. प्रियदर्शिनी, रायसोनी, आणि लता मंगेशकर रुग्णालयाला जोडलेलं साळवे वैद्यकीय महाविद्यालय. त्यांच्या मागोमाग नर्सिंग, फार्मसी, पॉलिटेक्निक. २०२० च्या जानेवारीत नागपूर मेट्रो याच रस्त्यावरच्या लोकमान्य नगरपर्यंत धावू लागली. कारखान्यांच्या रस्त्यावर आता विद्यार्थ्यांची वस्ती आहे, आणि ही मुलं वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा सगळ्या बाजूंनी येतात. त्यातल्या पुष्कळांसाठी घराबाहेर काढलेली ही आयुष्यातली पहिली वर्षं. आपण कोण, याचं उत्तर आजवर गावाने दिलेलं असतं. इथे ते नव्याने लिहावं लागतं.

आता त्या चार वाक्यांकडे. स्वभाव सांगायला मराठीत शब्दांची ददात नाही. नुसत्या कमी बोलणाऱ्या माणसासाठी किती शब्द आहेत ते पाहा. अबोल म्हणजे ज्याला मुळात बोलण्याची फार गरज वाटत नाही तो. बुजरा नवख्या माणसांसमोर मागे सरतो, घरात मात्र त्याची टकळी चालू असते. भिडस्ताला नाही म्हणता येत नाही. घुमा मनातलं मनातच ठेवतो आणि कळू देत नाही. मुखदुर्बळाला उत्तर येत असतं, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. आणि लाजाळू तर सगळ्यांनाच माहीत. हे सगळे शब्द ‘आहे’बरोबर चालतात: तो बुजरा आहे, ती भिडस्त आहे. ‘गप्प’ मात्र ‘बसतो’, ‘राहतो’, ‘होतो’ यांच्याबरोबर जास्त येतो. गप्प ही अवस्था आहे. मोठा बोलका माणूसही गप्प होतो. भाषेने हा फरक केव्हाच करून ठेवला आहे. आपण तो वापरत नाही.

१९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी वेबस्टरचा भला थोरला इंग्रजी शब्दकोश पहिल्या पानापासून चाळला आणि माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले. त्यामागची कल्पना साधी होती. माणसामाणसांतला जो फरक महत्त्वाचा असतो, त्याला लोक कधी ना कधी शब्द देतात. म्हणून व्यक्तिमत्त्व शोधायचं तर आधी भाषेत शोधावं. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश घेऊन मराठीत असं काम केलं तर काय हाती लागेल, याची मला फार उत्सुकता आहे. शिवाय आपल्याकडे दासबोधाचा दुसरा दशक आहेच. मूर्खाची लक्षणं, पढतमूर्खाची लक्षणं, रज-तम-सत्त्व यांची लक्षणं, एकामागून एक, वागणुकीच्या बारीक नोंदींसह. स्वभावाची यादी करण्याचा ध्यास समर्थांनाही होताच.

पण ऑलपोर्टच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग शब्दांच्या संख्येत नाही. वेचलेले शब्द त्यांनी चार रकान्यांत वाटले. पहिल्या रकान्यात टिकाऊ स्वभावगुण; असे शब्द निघाले फक्त ४,५०४, म्हणजे साधारण पाव हिस्सा. दुसऱ्यात तात्पुरत्या अवस्था. तिसऱ्यात निवाडे, म्हणजे माणूस कसा आहे हे न सांगता तो चांगला की वाईट, किमतीचा की टाकाऊ, हे सांगणारे शब्द. चौथ्यात उरलेले, त्यात शरीर, कौशल्य, क्षमता यांविषयीचे शब्दही आले. आता मुलीची वाक्यं पुन्हा वाचा. ‘भित्री’ पहिल्या रकान्यात बसेल. ‘गप्प’ दुसऱ्यात. ‘इंग्रजीत कच्ची’ चौथ्यात. आणि ‘बावळट’ तिसऱ्यात, कारण तो निवाडा आहे. चार वाक्यांपैकी स्वभावाचं वाक्य एकच निघालं.

त्या शब्दांच्या राशीतून पुढच्या संशोधकांनी गाळत गाळत पाच मोठे गुण बाजूला काढले. लुईस गोल्डबर्ग, पॉल कोस्टा, रॉबर्ट मॅक्रे ही या कामातली ठळक नावं. पाच गुण असे: बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, नेटकेपणा (ज्यात चिकाटी आणि जबाबदारीही आली), मनाची अस्थिरता (म्हणजे चटकन काळजीत पडणं, खचणं) आणि नव्या अनुभवांची ओढ. हे खण नाहीत, पट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठे ना कुठे असतो, आणि बहुतेक जण मधल्या भागात. मोबाइलवरच्या चाचण्या ‘तू अंतर्मुख’, ‘तू बहिर्मुख’ असा शिक्का मारतात. ते म्हणजे गावातल्या माणसांचे उंच आणि बुटके असे दोनच गट करून साडेपाच फुटांच्या सगळ्यांची पंचाईत करण्यासारखं आहे.

स्वभाव हा झाला एक भाग. दुसरा भाग स्वप्रतिमेचा, म्हणजे आपण कसे आहोत याविषयी आपण मनात धरलेलं चित्र आणि त्या चित्राला दिलेली किंमत. ही किंमत मोजायला मॉरिस रोझेनबर्गने १९६५ साली दहा वाक्यांची एक साधी पट्टी दिली, ती आजही जगभर वापरतात. स्वभाव आणि ही किंमत यांचा संबंध किती? २००१ साली रिचर्ड रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३,२६,६४१ लोकांच्या उत्तरांवरून हे तपासलं. भावनिकदृष्ट्या स्थिर, बहिर्मुख आणि नेटक्या माणसांचं स्वतःबद्दलचं मत अधिक चांगलं होतं. मनमिळाऊपणा आणि नवेपणाची ओढ यांचा वाटा बेताचा. पाचही गुण एकत्र धरले तर लोकांच्या आत्मसन्मानात जो फरक दिसतो त्यातला सुमारे ३४ टक्के भाग त्यांच्याशी जोडता आला.

या आकड्यावर थोडं थांबायला हवं. एक तृतीयांश म्हणजे थोडा नव्हे. ज्या मुलाचं मन जन्मतःच काळजीकडे झुकतं, त्याला स्वतःबद्दल बरं वाटायला इतरांहून जास्त कष्ट पडतात, आणि ‘एवढं काय मनाला लावून घेतोस’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पण उरलेले दोन तृतीयांश या पाच पट्ट्यांत सापडत नाहीत. शिवाय दोन्ही मोजमापं त्याच माणसाने स्वतःबद्दल भरलेली असतात. ज्याचं स्वतःविषयीचं मत आज पडलेलं आहे, तो स्वभावाच्या प्रश्नांची उत्तरंही त्याच काळ्या शाईने लिहितो. त्यामुळे स्वभावाने स्वप्रतिमा घडवली की पडलेल्या स्वप्रतिमेने स्वभावाचं वर्णन रंगवलं, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही.

स्वप्रतिमेला आणखी एक अंग आहे, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांच्या बाबतीत तेच जास्त लक्ष देण्याजोगं. चित्र चांगलं की वाईट हा एक प्रश्न. चित्र स्पष्ट की धूसर हा दुसरा. जेनिफर कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली हे धूसरपण मोजायला बारा वाक्यांची पट्टी केली. स्वतःबद्दलची आपली मतं एकमेकांशी जुळतात का, आज एक आणि उद्या दुसरं असं होतं का, हे ती विचारते. चित्र धूसर असणाऱ्यांत मनाची अस्थिरता जास्त दिसली, आणि चित्र स्पष्ट असणाऱ्यांत नेटकेपणा आणि मनमिळाऊपणा. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सकाळी व्हॉट्सअॅपवर गावच्या मित्रांचा ‘इंजिनिअर साहेब’ असतो, दुपारी लॅबमध्ये मान खाली घालून उभा असतो, आणि रात्री घरी फोनवर ‘सगळं मस्त आहे’ म्हणतो. चित्र धूसर होणारच.

मग उरलेले दोन तृतीयांश कुठून येतात? त्यांतले काही धागे आपल्या मुलीच्या पानावरूनच सोडवता येतील.

‘मी गप्प असते’ हे वाक्य घ्या. सिंदेवाहीत ती गप्प नव्हती. गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन केलं होतं तिने. इथे वर्गात प्रश्न इंग्रजीत येतो, तिला उत्तर मराठीत सुचतं, ते मनात इंग्रजीत बसवेपर्यंत पुढच्या बाकावरच्या कुणीतरी सांगून टाकलेलं असतं. असं दहा वेळा झालं की ती उत्तर बसवणंच सोडते. व्हायवाला सर विचारतात, ती गावच्या बोलीतलं ‘काऊन’ म्हणून जाते आणि मागे कुणीतरी हसतं. इथवर हे सगळं परिस्थितीचं आहे. पण डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली सविस्तर मांडलेला विचार असा, की आपल्या आत काय आहे हे पुष्कळदा आपल्यालाही थेट दिसत नाही. आपण आपल्या वागण्याकडे बाहेरच्या माणसासारखं पाहतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. दोन महिने वर्गात तोंड न उघडलेली मुलगी स्वतःकडे पाहते आणि निष्कर्ष काढते: मी बुजरी आहे. शिक्षकांनीही तोच काढलेला असतो, मैत्रिणींनीही. भाषेमुळे आलेली अवस्था अशी स्वभाव म्हणून नोंदली जाते, आणि एकदा नोंदली की ती तसं वागू लागते. तिसऱ्या सेमिस्टरला सेमिनारसाठी नावं मागतात तेव्हा ती हात वर करत नाही, कारण आपण ‘त्यातल्या’ नाही हे तिला आता ठाऊक झालेलं असतं.

मला वाटतं, या रस्त्यावरच्या वर्गांत अशी चुकीची नोंद रोज होत असेल. खऱ्या अबोल मुलाला बोलतं करण्याचा आग्रह धरण्याचं काही कारण नाही. तो लिहून दाखवेल, करून दाखवेल. पण गप्प झालेल्या मुलाला अबोल समजून सोडून देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. दोघांमधला फरक ओळखायला फार काही लागत नाही. त्याच्या मेसमध्ये जेवायला बसावं. ताटावर मित्रांबरोबर, स्वतःच्या बोलीत तो कसा बोलतो हे दहा मिनिटं ऐकलं की कळतं.

एकच माणूस प्रसंगागणिक कसा वेगळा वागतो, हे विल्यम फ्लीसन यांनी मोजून दाखवलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी दोन-तीन आठवडे, दिवसातून अनेकदा, त्या त्या वेळी आपण किती बोलके, किती नेटके, किती उत्साही होतो याची नोंद केली. एकाच विद्यार्थ्याच्या नोंदी दिवसभरात इतक्या वरखाली होत होत्या की तो फरक दोन वेगळ्या माणसांमधल्या फरकाएवढा भरला. अंतर्मुख समजला जाणारा मुलगाही दिवसातला काही वेळ चांगला बहिर्मुख असतो. स्वभाव खोटा ठरत नाही यामुळे. प्रत्येकाची सरासरी आठवड्यागणिक बऱ्यापैकी स्थिर राहते. पण स्वभाव म्हणजे ती सरासरी, एवढंच.

आता ‘इंग्रजीत कच्ची’. तिच्याकडे गणिताचे उत्तम गुण आहेत. हर्बर्ट मार्श यांनी १९८६ साली एक विचित्र गोष्ट दाखवली. गणितात चांगली मुलं सहसा भाषेतही चांगली असतात, गुण बरोबरीने चालतात. पण त्याच मुलांना विचारलं तर ‘मी गणितात चांगला’ आणि ‘मी भाषेत चांगला’ ही मतं मात्र जवळजवळ एकमेकांशी संबंध नसल्यासारखी वागतात. कारण मूल दोन तुलना करतं: एक वर्गातल्या इतरांशी आणि एक स्वतःच्याच दुसऱ्या विषयाशी. गणित फार चांगलं असेल तर त्याच्या शेजारी भाषा फिकी दिसते. आपली मुलगी इंग्रजीत सर्वसाधारण असेल. तिच्या स्वतःच्या गणिताने तिला कच्चं ठरवलं आहे.

आणि ‘बारावीत पहिली’ हे वाक्य वरच्या ओळीत कौतुकाने लिहिलेलं, तेच खाली ‘बावळट’ला जन्म देतं. मार्श यांनीच १९८४ मध्ये जॉन पार्कर यांच्यासोबत याला छोट्या तळ्यातल्या मोठ्या माशाची उपमा दिली. सारख्याच कुवतीची दोन मुलं, एक साध्या शाळेत आणि एक निवडक हुशारांच्या शाळेत असेल, तर निवडकांतल्या मुलाचं स्वतःच्या अभ्यासाबद्दलचं मत खालावतं. २००३ साली मार्श आणि किट-ताई हाऊ यांनी २६ देशांतल्या एक लाखाहून अधिक पंधरा वर्षांच्या मुलांच्या माहितीत हेच चित्र पाहिलं. आपल्याकडे ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ म्हणतात, पण ती म्हण इथे लावू नये. त्या म्हणीत गाय खरोखरच लंगडी असते. इथे गाय धडधाकट आहे, फक्त कळप बदलला आहे.

प्रवेशाची आपली पद्धत हा कळप फार काटेकोरपणे बदलते. सीईटीचा पर्सेंटाइल हा मुळातच तुलनेचा आकडा. तुम्हाला किती येतं हे तो सांगत नाही, तुमच्या मागे किती जण आहेत हे सांगतो. कॅप राउंडमध्ये त्या आकड्यांप्रमाणे मुलं चाळली जातात, आणि एका शाखेच्या एका वर्गात साधारण एकाच पातळीची मुलं येऊन बसतात. साठ गावांचे साठ पहिले. पहिल्या परीक्षेत त्यांतल्या तिसाजणांना वर्गाच्या खालच्या अर्ध्यात बसावंच लागणार. आकडेमोडीला दुसरा मार्ग नाही. बुद्धी जूनमध्ये होती तेवढीच डिसेंबरमध्ये असते. पण निकाल लागतो त्या संध्याकाळी खोलीवरचा दिवा लवकर मालवतो, आणि घरून आलेला फोन उचलला जात नाही.

विल्यम जेम्सने १८९० साली आत्मसन्मानाचं एक गणित मांडलं होतं: मिळालेलं यश भागिले बाळगलेली अपेक्षा. हिंगणा रोडवर मुलगा पाऊल ठेवतो त्या दिवसापासून छेद वाढू लागतो. पॅकेज, प्लेसमेंट, कुठल्या सीनिअरला काय मिळालं याची चर्चा. अंश तेवढाच राहतो.

स्वभाव या सगळ्यावर काय करतो? तो या धक्क्यांचा परिणाम कमी-जास्त करतो. काळजीकडे झुकलेल्या मनाला तोच निकाल अधिक खोल लागतो, आणि अधिक दिवस. बहिर्मुख मुलगी रात्रीत पाच जणींशी बोलते आणि तिला कळतं की सगळ्यांचीच अशी अवस्था आहे. अबोल मुलीपर्यंत ही बातमी पोचतच नाही, ती समजते आपणच एकट्या. नेटक्या, चिकाटीच्या मुलाजवळ तर खरोखरीचं भांडवल असतं. आर्थर पोरोपॅट यांनी २००९ साली ७०,००० हून अधिक विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा परीक्षेतल्या यशाशी नेटकेपणाचा संबंध बुद्धीपासून बराचसा स्वतंत्र निघाला, आणि पदवीच्या पातळीवर तो बुद्धीच्या तोडीचा होता. तरी दुःख असं की ‘मी नियमित अभ्यास करतो’ हे वाक्य वीस वाक्यांत कुणी अभिमानाने लिहिताना दिसत नाही. आपण हुशारी मिरवतो; नियमितपणा म्हणजे घोकंपट्टी समजतो.

दुसरा एक संबंध इथे फार जवळून लागू पडतो. जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली कॉलेजच्या मुलांशी बोलून त्यांच्या ओळखीच्या चार अवस्था सांगितल्या. कुणी शोधून, चाचपून आपला मार्ग ठरवलेला असतो. कुणी अजून शोधात असतो. कुणी शोधतही नाही आणि ठरवतही नाही. आणि चौथा, ज्याने न शोधताच ठरवलेलं असतं, म्हणजे खरं तर त्याच्यासाठी ठरवलं गेलेलं असतं. आठवीतच ‘पोरगा इंजिनिअर होणार’ हे घरात पक्कं झालं, की त्याला स्वतःला काय हवं हा प्रश्न पडायची वेळच येत नाही. १९९३ साली क्लॅन्सी आणि डॉलिंजर यांनी या अवस्था पाच गुणांशी ताडून पाहिल्या. शोधून ठरवणारे कमी काळजीखोर, अधिक नेटके आणि अधिक बहिर्मुख होते. न शोधता ठरवणाऱ्यांत नवेपणाची ओढ कमी होती. शोधात असलेल्यांच्या आणि शोधतही नसलेल्या, ठरवतही नसलेल्यांच्या मनात अस्थिरता जास्त. यातली शोधात असलेल्यांची अस्थिरता मला काळजीची वाटत नाही. दुसऱ्या वर्षाला ‘मला हे जमतंय पण आवडत नाही’ असं म्हणणारा मुलगा घरच्यांना बिघडलेला वाटतो. तो कदाचित पहिल्यांदाच विचार करत असतो.

स्वतःबद्दल कुणाचं खरं मानायचं, हाही प्रश्न आहे. सिमीन वझीर यांनी २०१० साली विद्यार्थ्यांच्या मित्रमंडळांत हे तपासलं. किती काळजी वाटते, मनात किती घालमेल असते, हे ज्याचं त्यालाच सर्वांत चांगलं कळत होतं. बोलकेपणा दोघांनाही सारखाच कळत होता. पण बुद्धी आणि कल्पकता यांच्याबाबत मित्रांचा अंदाज स्वतःच्या अंदाजापेक्षा अचूक निघाला. म्हणजे आपल्या मुलीच्या पानावरचं ‘भित्री’ हे वाक्य आपण तिच्या शब्दावर मान्य करावं. ‘बावळट’ मात्र नाही. ते तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला विचारावं, जिला ती रोज रात्री इंटिग्रेशन समजावून देते.

आणि भित्री तरी कायमची का? स्वभाव जन्मजात आणि अढळ असतो ही समजूत अर्धीच खरी आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकाचा साधारण चाळीस ते पन्नास टक्के भाग आनुवंशिक दिसतो. पण ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली वर्षानुवर्षं माणसांचा माग ठेवणारे ९२ अभ्यास एकत्र केले, तेव्हा दिसलं की सरासरी स्वभावात सर्वाधिक बदल होतो तो किशोरवयात नव्हे, तर विशीपासून चाळिशीपर्यंत. माणसं अधिक स्थिर होतात, अधिक नेटकी होतात. नेथन हडसन आणि ख्रिस फ्रेली यांनी २०१५ साली एका सेमिस्टरएवढा काळ, सोळा आठवडे, विद्यार्थ्यांचा माग ठेवला. जी मुलं अधिक बहिर्मुख व्हायचं म्हणत होती आणि ज्यांनी ‘या आठवड्यात एका अनोळखी माणसाशी बोलेन’ अशी नेमकी, छोटी कामं ठरवली, त्यांच्यात थोडा पण मोजता येण्याजोगा बदल दिसला. ‘मी बदलेन’ असा मोघम निश्चय उपयोगी पडला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागत-कार्यक्रमाची रूपरेषा दिली. कल्पना फार चांगली आहे. त्यात भाषणं असतात, परिसराची ओळख असते. त्याच दिवसांत एक तास मला हवासा वाटतो, आणि त्यामागे एक लहानसा, पण विसरू नये असा प्रयोग आहे. टिमोथी विल्सन आणि पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी १९८२ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात, गुणांच्या काळजीत असलेल्या पहिल्या वर्षाच्या ४० विद्यार्थ्यांना घेऊन तो केला. अर्ध्या मुलांना इतकंच सांगितलं की पहिल्या वर्षी बहुतेकांचे गुण कमी येतात आणि नंतर सुधारतात. सोबत वरच्या वर्गातल्या मुलांच्या मुलाखतींची चित्रफीत दाखवली, ज्यांत ती आपले पहिल्या वर्षीचे आणि नंतरचे गुण सांगत होती. दुसरं वर्ष संपेपर्यंत ही माहिती न मिळालेल्यांपैकी २५ टक्के मुलं विद्यापीठ सोडून गेली होती. मिळालेल्यांपैकी ५ टक्के. चाळीस ही संख्या छोटी आहे, आणि पुढच्या प्रयोगांत परिणाम इतका ठळक नव्हता. पण त्या मुलांना कुणी इंग्रजी शिकवलं नव्हतं, स्वभाव बदलायला सांगितलं नव्हतं. ‘हे माझ्यात आहे’ असं समजून बसलेली गोष्ट ‘हे पहिल्या वर्षात आहे’ अशी फक्त एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात हलवली होती.

हिंगणा रोडवर चित्रफितीचीही गरज नाही. वानाडोंगरीतल्या त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, तिसऱ्या वर्षाची कुणीतरी राहतेच. लाइट गेली की दोघी गच्चीवर येतात. खालच्या मुलीने विषय काढायचा अवकाश, वरची सांगते, “अवं, मले बी पयल्या सेमले व्हायवात काहीच बोलता नव्हतं आलं.”